अक्काच्या गोठ्याचे झरोके

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, सकाळी गोठ्यात शिरली की आधी गाईंकडे बघायची नाही. दाराच्या डाव्या हाताला भिंत होती, तिच्यावर तळवा टेकवायची, हातभर पुढे सरकवायची आणि मग तळव्याकडे बघायची. तळवा कोरडा दिसला की म्हणायची, "चला." मग गाईंशी बोलणं सुरू व्हायचं.

हे मी पहिला महिनाभर रोज पाहिलं आणि एकदाही विचारलं नाही. माणसाला एकेक सवय असते, तशी ही एक असेल असं धरून चाललो. विचारलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं आणि हे लिहायची वेळही आली नसती. मला लिहिण्याची सवय नाही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, तेव्हा जे काही लिहिलं ते पावतीवर: 'काटा बदलला', 'तेल दिलं', 'काच नवी'. त्यामुळे हे जरा मागेपुढे होईल.

अक्का त्र्याहत्तर वर्षांची आणि मी सहासष्टचा. तिचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा शहरात नोकरीला, सून शाळेत शिकवते. अक्का शेतावर एकटी आणि तिच्यासोबत सहा गाई, एक कालवड, एक मांजर. मांजर चुलीच्या मागे राहायचं आणि कोणाचं काही लागत नसल्यासारखं वागायचं. गाईंची नावं तिनं स्वभावावरून ठेवली होती. थोरली, रुसवी, घाई, मुकी, ढवळी. सहावीला नाव नव्हतं. तिला नुसतं "ए" म्हटलं की ती यायची, त्यामुळे गरज पडली नाही असं अक्काचं म्हणणं.

पाऊसकाळ संपल्यावर गवताच्या माळ्यावरून उतरताना शिडी निसटली आणि अक्का पडली. पाय मोडला. सकाळी दूध न्यायला येणारा दूधगाडीवाला आला तेव्हा ती सापडली. तोवर दोन तास ती शिडीच्या पायथ्याशी पडून होती. दूधगाडीवाला सांगतो, "मी धावत गेलो तर अक्का म्हणतात, आधी बादल्या उचल, मांजर तोंड घालेल."

हे ऐकून सगळे हसतात. भाचा हसला नाही. तो दोन महिने आईला घेऊन जायचं म्हणत होता. शेवटी त्या दोघांत ठरलं ते असं: थंडी संपेपर्यंत ती शेतावर राहील. पण त्या काळात ती किंवा एखादं जनावर आजारी पडलं, तर गाई देऊन टाकायच्या आणि तिनं शहरात यायचं. यावर पुन्हा वाद नाही.

अक्कानं "बरं" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला. "धाकट्या, चार महिने येऊन राहा. काम काही नाही. माझ्या पायाच्या पुढे पुढे करायचं."

दुकान मी वर्षापूर्वीच बंद केलं होतं, डोळ्यांमुळे. शहरात मी भाड्याच्या एका खोलीत राहत होतो. दोन सदरे आणि हत्यारांची पेटी घेऊन निघालो. पेटी का घेतली ते विचारू नका. हात रिकामा बरा वाटत नाही.

थंडीतलं शेत मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. हिवाळ्यात शेतावर मरगळ असते असा माझा समज. तसं काही नाही. काम असतं, पण त्याला धाप लागलेली नसते. पहाटे हौदावर बर्फाची पातळ साय धरलेली असायची. अक्का ती काठीनं फोडायची आणि म्हणायची, "ही साय तुझ्या चहात घालू का?" रोज तोच विनोद, आणि रोज मला हसू यायचं.

दूध काढायला तिनं मला आठवड्यात शिकवलं. कपाळ गाईच्या कुशीला टेकवायचं, तिथं एक मऊ खळगा असतो. आत पोटात काहीतरी गुडगुडत असतं आणि कान तापतो. थंडीत एवढी चांगली जागा दुसरी नाही. पहिल्या दिवशी मी सड असे धरले, जणू घड्याळाची कमान बसवतो आहे. घाईनं मान वळवून बघितलं.

"अरे, तिला गुदगुल्या करतोयस का दूध काढतोयस?" अक्का म्हणाली. "मूठ वळ. बोटांची कारागिरी नको इथं."

तीन गाईंनी मला मानलं. बाकीच्या तिघी माझ्या हाताला पान्हा सोडत नसत. त्या अक्का काढायची, मोडका पाय स्टुलावर लांब करून.

दूधगाडी गेली की न्याहारी. दहाच्या सुमाराला ऊन दक्षिणेच्या भिंतीवर यायचं. तिथं एक जुना ओंडका आडवा टाकलेला होता. आम्ही दोघं पाठ भिंतीला लावून बसायचो. मधे सुपात शेंगा. अक्का शेंगा सोलायची, मी दोऱ्या वळायचो, नाहीतर विळ्यांना धार लावायचो. बोलणं फार नाही. कधी ती म्हणायची, "आई आपल्याला अशीच उन्हात बसवायची, आठवतं?" मला आठवत नसायचं, पण मी हो म्हणायचो. कधी ती बसल्या जागी डुलकी घ्यायची आणि जागी झाल्यावर म्हणायची, "मी झोपले नव्हते." मी म्हणायचो, "छे."

संध्याकाळी चुलीच्या राखेत बटाटे पुरायचे. ते भाजेपर्यंत गरम पाण्यात पाय सोडून बसायचं. एकच घमेलं, चार पाय. मीठ आणि लोणी लावून बटाटे खायचे आणि जिभा पोळून घ्यायच्या. जेवण म्हणजे एवढंच, पण त्यासाठी आम्ही दुपारपासून वाट बघत असू.

गोठ्याला दोन्ही बाजूंनी छताखाली आठ झरोके होते, वीतभर उंच आणि दोन हात लांब. त्यांना ना दार ना जाळी. त्यातून थंडी आत यायची. पहाटे दूध काढताना ती बरोबर माझ्या मानेवर बसायची. मला वाटायचं, आपण रजईत आणि ही मुकी जनावरं उघड्यावर. विशेषतः ती कालवड, तीन महिन्यांची, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून ठिपकी. ती एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेली असायची.

मग कडाक्याचा आठवडा आला. सकाळी दोरी हातात घेतली तर काठीसारखी ताठ. त्यातच अक्काला ताप भरला. नाक वाहतंय, आवाज बसलेला. भाच्याचा फोन आला तेव्हा तिनं मला गप्प राहायची खूण केली.

"आई, आवाज असा का?"

"कांदा चिरतेय."

"सकाळी सात वाजता?"

"मग कांद्याला काय मुहूर्त लागतो?"

फोन ठेवून ती अंथरुणावर पडली ती तीन दिवस उठली नाही. मला म्हणाली, "तेवढा गोठा सांभाळ. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे." तिन्ही अडेल गाईंना मी गोंजारून, त्यांच्यापुढे बडबडून, अक्काची शाल खांद्यावर घेऊन पान्हवायला बघितलं. शालीच्या वासाला दोघी फसल्या. ढवळी फसली नाही, तिचं दूध काढायला दूधगाडीवाल्याला थांबवून घ्यावं लागलं.

पहिल्याच संध्याकाळी मी झरोके बुजवले. पोत्यांत पेंढा भरला, ती मापाप्रमाणे शिवून घेतली आणि एकेक झरोका गच्च बंद केला. माझं काम नीट असतं, एवढं मला माहीत आहे. घड्याळात वाऱ्याची झुळूक जाऊ द्यायची नाही, धुळीचा कण जाऊ द्यायचा नाही, झाकण असं बसवायचं की नखसुद्धा शिरू नये, हेच जन्मभर केलं. शिडीवर उभा राहून मी हात फिरवून पाहिला. कुठेही वारा लागत नव्हता. खाली गोठ्यात तासाभरात छान ऊब आली. त्या रात्री मला समाधानाची झोप लागली. अक्काला सांगितलं नाही, उठल्यावर तिला आपोआप दिसेल म्हणून.

चौथ्या दिवशी सकाळी ती उठली. काठी टेकत गोठ्यात आली. भिंतीवर हात टेकवला आणि तो तिथंच राहिला.

तळव्यावरून पाणी ओघळत होतं. मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. भिंत ओलीगार होती, छताला थेंब लटकलेले होते, पेंढा दमट झाला होता. आणि वास असा की डोळे चुरचुरत होते. तीन दिवस मी त्यातच वावरत होतो, म्हणून मला कळलं नव्हतं. कोपऱ्यातून ठिपकी खोकली. मग पुन्हा खोकली.

अक्कानं वर बघितलं. माझी पोती एका ओळीत, एकसारखी, नीटनेटकी.

"हे तू केलंस?"

"थंडी फार होती, अक्का."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "अरे देवा," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "सात जनावरं इथं श्वास सोडतात, ती वाफ जाणार कुठं? जनावर थंडीनं मरत नाही, धाकट्या, ओलीनं मरतं. शिडी आण."

मी शिडीवर चढून पोती उपटली. इतकी गच्च बसवली होती की दोन फाडावी लागली. ओला पेंढा सगळा बाहेर काढला, कोरडा घातला. अक्का ठिपकीजवळ बसून तिचे कान चाचपत होती. कान गरम होते. गुरांचे डॉक्टर दुपारी आले. त्यांनी ताप बघितला, छातीला नळी लावली, सुई दिली. म्हणाले, "फुप्फुसात धरलंय. वेळेत बोलावलंत. तीन दिवस सुया द्यायच्या, मग बघू."

तो शुक्रवार होता. भाचा रविवारी येणार होता.

शुक्रवार आणि शनिवार आम्ही उन्हात बसलो नाही. ठिपकीला पोत्याचं पांघरूण बांधलं, कोमट दूध थोडंथोडं पाजलं. अक्का अजून खोकत होती, कालवडही खोकत होती, आणि एकीला खोकला आला की दुसरीलाही यायचा. दूधगाडीवाला म्हणाला, "अक्का, तुम्ही दोघी जरा पाळी लावून घ्या." अक्का हसली. मी हसलो नाही. तिच्या हिवाळ्याचा मीच सत्यानाश केला होता. पायासकट, तापासकट तिनं जे तोलून धरलं होतं ते मी पेंढ्यानं बुजवून टाकलं होतं.

रविवारी भाचा आला. फळं आणली होती, आईसाठी लोकरीचे मोजे आणले होते. चहाच्या आधीच तो गोठ्यात गेला, कारण लहानपणापासून तो तसाच करतो. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"कालवडीला काय झालंय?"

"सर्दी," अक्का म्हणाली. "डॉक्टर येऊन गेले. आज दूध प्यायली."

"आणि तुला?"

"मला काय धाड भरलीय?" असं म्हणताना तिला ठसका लागला. तो थांबेचना. भाच्यानं पाणी दिलं. तो ओरडला नाही, हेच वाईट होतं. आईसमोर खाली बसला आणि म्हणाला, "आई, ठरलं होतं आपलं. तू किंवा जनावर. इथं तर दोन्ही झालं. तू दोन तास तिथं पडून होतीस, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही गं."

अक्का मोजे उलटसुलट करून बघत राहिली. मला वाटलं ती आता सांगेल, की तुझ्या मामानं झरोके बुजवले. ती म्हणाली, "जनावर आहे, बाबा. जनावराला होतं कधी."

मी दाराशी कपबशी घेऊन उभा होतो. चारचौघांत बोलायला मला जमत नाही, तिघांतही जमत नाही. कपबशी खाली ठेवली.

"झरोके मी बुजवले," मी म्हणालो.

"काय?"

"गोठ्याचे झरोके. अक्का झोपून होती. मी पोती कोंबली. आत ओल झाली. अक्काचा त्यात काही दोष नाही."

"तुला कोणी विचारलं?" अक्का माझ्यावरच चिडली.

भाचा माझ्याकडे वळला. "मामा, खरं सांगितलंत, बरं केलंत. पण मग माझंच म्हणणं खरं ठरतं ना? आईला ताप आला की गोठा पोरका. तुम्ही चार महिन्यांसाठी आलात. पुढच्या थंडीत कोण?"

माझ्या बोलण्यानं तिची बाजू आणखी पडली, हे मला तेव्हा उमगलं. हे मी आधी मनात धरलंच नव्हतं. कधी नव्हे ते मी विचार न करता बोललो.

"मीच असेन. मी जात नाही. खोली सोडून इथं येतो."

"तुम्ही?"

"अक्काला चालत असेल तर. आता झरोके बुजवणार नाही."

भाच्याला हसू आलं, ते त्यानं आवरायचा प्रयत्न केला. "मामा, तुम्हाला दूध तरी काढता येतं का?"

"तीन गाईंचं काढतो," अक्का एकदम म्हणाली. तिचा आवाज बसला होता पण त्यात धार आली होती. "चौथी अर्धवट. हात हळू आहे, पण स्वच्छ. आणि विळ्याला धार लावावी तर त्यानंच." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "पण तुझं शहर, धाकट्या? तुझी ती गल्ली, तुझा चहावाला?"

"चहावाला मला ओळखत नाही," मी म्हणालो. "तेवीस वर्षं झाली."

भाचा उठून खिडकीशी गेला. तिथून म्हणाला, "सहा गाई तुम्हा दोघांना झेपणार नाहीत. एकजण आजारी पडला तर दुसऱ्याला एकट्याला सगळं उरकता आलं पाहिजे. चार. चारच्या वर एकही नाही. आणि ताप आला तर कांदा चिरतेय म्हणायचं नाही."

"पाच," अक्का म्हणाली.

"आई."

"ठिपकी धरून पाच. ती काय गाय आहे होय?"

"बरं, ठिपकी वेगळी. पण कोणत्या दोन जायच्या ते तू ठरव. मी ठरवणार नाही."

अक्कानं काठी घेतली आणि गोठ्यात गेली. मी मागून निघालो तर हातानं थांबवलं. आम्ही मामा-भाचे ओट्यावर उभे राहिलो. तो म्हणाला, "मामा, मला आईला इथून उपटायची हौस नव्हती हो." मी म्हणालो, "माहीत आहे." आतून तिचं बोलणं ऐकू आलं, शब्द कळले नाहीत. पाऊण तासानं बाहेर आली. नाक लाल होतं, ते सर्दीनं असेल.

"रुसवी आणि ती बिनानावाची," ती म्हणाली. "दोघी दूधगाडीवाल्याला. त्याच्याकडे गोठा कोरडा आहे, मी बघितलाय. आणि तो रोज येतो, तर रोज विचारता येईल."

मंगळवारी सकाळी मी पहिल्या गाडीनं शहरात गेलो. खोली रिकामी करायला अर्धा दिवस पुरला. घरमालकीण म्हणाली, "अहो, तुम्ही अजून इथं राहत होता?" ती चेष्टेनं म्हणाली, की खरंच, मला कळलं नाही. सामानाच्या दोन पिशव्या झाल्या.

परतीच्या गाडीनं फाट्यावर सोडलं तेव्हा ऊन कललं होतं. तिथून शेतापर्यंत पाऊण तास चाल. दोन्ही बाजूंना नांगरलेली जमीन उघडी पडलेली, ढेकळांच्या सावल्या लांब झालेल्या. कान थंडीनं दुखायला लागले होते. लांबून चुलीचा धूर दिसला, तो सरळ वर जात होता.

पिशव्या ओट्यावर टाकून मी गोठ्याच्या दाराशी गेलो. वरून गार हवा येत होती आणि आतून कोरड्या पेंढ्याचा वास. ठिपकी उभी होती, पांघरूण एका अंगाला घसरलेलं. अक्का थोरलीखाली बसली होती, बादलीत धार वाजत होती. दुपारी दूधगाडीवाला दोघींना घेऊन गेला होता. त्यांची दावी खुंटीला गुंडाळून ठेवली होती. त्या दोन रिकाम्या जागांवरही तिनं कोरडा पेंढा पसरला होता. सवयीनं की मुद्दाम, मी विचारलं नाही.

"एवढा वेळ?" ती मान न वळवता म्हणाली. "मुकी कधीची तुझी वाट बघतेय."

"दूधगाडीवाल्यानं काही—"

"उद्या सकाळी सांगेल. रुसवी आज रुसणारच, तिला दोन दिवस लागतील." तिनं बादली बाजूला सरकवली आणि बसल्या जागेवरून माझ्याकडे बघितलं. "उभा काय राहिलास पाहुण्यासारखा? चुलीवर पाणी गरम आहे. हात धू आणि बस."

मी हात धुतले आणि मुकीच्या कुशीला कपाळ टेकवलं.